मदत हवी आहे : दृष्टिहीन लेकीची पहिलीची तयारी

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. लेक सहा वर्षांची, जन्मापासून दिसत नाही. जूनअखेर शाळा उघडल्या की घराजवळच्या साध्या शाळेतच पहिलीत बसवायचं ठरवलंय. एका ठिकाणी "अंध शाळेत घाला" म्हणून परत पाठवलं. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, निवड मुलाची.

ब्रेल (बोटांनी वाचायची सहा ठिपक्यांची लिपी) घरीच सुरू केलंय. सहा अंड्यांच्या खोक्यात लिंबं ठेवतो : डावीकडे वरच्या खाचेत एक लिंबू म्हणजे 'अ', त्याच उभ्या रांगेत सगळ्यात खाली आणखी एक ठेवलं की 'क'. ती बोटांनी चाचपून लगेच ओळखते. डबा उघडणं, चप्पल शोधणंही जमतं.

भीती गोंगाटाची वाटते. मधल्या सुट्टीत पोरं धावतील तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहील. पांढरी काठी आत्ताच द्यावी का? शाळा उघडण्याआधी रिकाम्या वर्गात, नळापाशी, संडासापर्यंत किती दिवस फिरवून आणावं? आणि नागपुरात समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतले, दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक कुणाच्या मुलाला मिळालेत का, आठवड्यातून किती वेळा येतात? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.