टचपॅड, टॅप आणि लिनक्स: आपापले अनुभव लिहा

सांडगी_मिरची
परवा भाच्याचा फोन. "मामा, टचपॅड मेला." जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12 (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय त्याने. बाण फिरतोय, पण टिचकी मारली की ढिम्म. म्हटलं, खालचा कोपरा दाबून बघ. कट्ट वाजलं, क्लिकही झालं. म्हणजे मेलंबिलं काही नव्हतं, टॅप टू क्लिक, म्हणजे नुसत्या टिचकीने क्लिक, बंद होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन एक खटका सरकवला, संपलं.

मला 2011 आठवलं. याच गोष्टीसाठी दोन रात्री जागलो होतो. 'सिनक्लायंट टॅपबटन1=1' हा टॅप चालू करायच्या कमांडचा मंत्र चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटवला होता, कारण रीबूट केलं की सगळं पुसलं जायचं. ती ओळ स्टार्टअपला टाकायची असते हे चार महिन्यांनी कळलं. तुमचंही लिहा.

रात्रपाळी
चिठ्ठी 😂 माझी वहीत होती, दुधाच्या हिशेबाशेजारी.

कोकणकडा७
लॉगिनच्या पडद्यावर अजून चालत नाही माझं. आत गेलं की टॅप चालू, बाहेर बंद. तो पडदा वेगळ्याच युजरच्या नावाने चालतो, तुमची सेटिंग्ज त्याला लागू नाहीत. आईला सांगून ठेवलंय, आधी दाबायचं, मग टिचकी. ती आता माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवरही दाबते.

उंबरठा
मी उलटी बाई. टॅप बंदच ठेवते. मराठी टाइप करताना तळवा टेकतो, कर्सर उडी मारतो आणि अर्धं वाक्य तिसऱ्याच परिच्छेदात. पूर्वी यासाठी सिनडेमन नावाचा प्रोग्रॅम चालवायचे, टाइप करताना टचपॅड गप्प. आता तीच सोय सेटिंग्जमध्ये असते, तरी विश्वास नाही.

रात्रपाळी
तीन बोटांनी टॅप म्हणजे मधलं बटण, आणि मधलं बटण म्हणजे निवडलेला मजकूर पेस्ट. मला कुठे माहीत! वाणसामानाची यादी निवडलेली होती, बोटं टेकली टर्मिनलवर. एकेक ओळ कमांड म्हणून चालली. साबुदाणा सापडला नाही. दाणे सापडले नाहीत. तूप सापडलं नाही.

उंबरठा
तूप सापडलं नाही 🤣🤣 मेले

घाटमाथा
एक्सइनपुटने (माऊस-टचपॅडची सेटिंग्ज बदलायची कमांड) टॅप चालू करून बघितलं. टचपॅडचा नंबर 12, स्क्रिप्टमध्ये तोच टाकला. एक दिवस यूएसबी माऊस लावून रीबूट केलं तर 12 वर दुसरंच काहीतरी. नंबर नाही, नाव लिहायचं असतं. आता नवीन मशिनवर नाव लिहूनही काही होत नाहीये. कोणी सांगेल का? घाईत आहे, कुकर लावलाय.

सांडगी_मिरची
वेलँड (पडदा आणि माऊस सांभाळणारी नवी व्यवस्था) असणार. तिथे एक्सइनपुटला खरा टचपॅड दिसतच नाही. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच करा.

घाटमाथा
झालं!! धन्यवाद. (कुकरही झाला.)

पायवाट
टॅप मुळात बंद का ठेवतात यावर लिबइनपुटवाल्यांचं (लिनक्समध्ये टचपॅड-माऊस हाताळणारा भाग बनवणारे) म्हणणं त्यांच्या दस्तऐवजात आहे. ज्याला टॅप ही भानगड माहीत नाही त्याला मधेच नको तिथे क्लिक होतात आणि डेस्कटॉपच बिघडलाय असं वाटतं. ज्याला माहीत आहे तो शोधून चालू करतो. ज्या टचपॅडला दाबायला बटणच नाही तिथे मात्र आपोआप चालू. मला पटतं.

सांडगी_मिरची
मला नाही पटत. भाच्याला टॅप माहीत होतं, शोधायचं कुठे ते नव्हतं. त्याने थेट मामाला शोधलं. ग्नोम हा डेस्कटॉप बनवणाऱ्यांनीही शेवटी आवृत्ती 46 मध्ये, म्हणजे 2024 ला, ते आपणहून चालू ठेवलं. डेबियन 12 मध्ये जुनं ग्नोम 43 आहे, म्हणून हा घोळ.

कोकणकडा७
@रात्रपाळी साबुदाणा किती होता यादीत?

रात्रपाळी
दीड किलो. आषाढी होती, घरात नऊ माणसं.

कोकणकडा७
नऊ जणांना दीड किलो?? दोन्ही वेळ खिचडीच का?

रात्रपाळी
वडे पण. सासूबाई आल्या होत्या.

उंबरठा
वड्याला बटाटा किती घेता? माझे तेलात फुटतात.