‘सिंटिलेशन’साठी प्रस्फुरण की चमक?

प्रश्न : अणुविखंडनातून निघणारे गॅमा किरण मोजण्यासाठी कोणता सिंटिलेशन क्रिस्टल (किरण आदळताच क्षणभर प्रकाशणारा स्फटिक) निवडावा, या विषयावर मी मराठीत लेख लिहीत आहे. ‘प्रस्फुरण स्फटिक’ असा शब्द मी योजला होता, परंतु शेतीतज्ज्ञ असलेल्या एका स्नेह्यांनी मसुदा वाचून ‘यात स्फुरद किती?’ असे विचारले. हा शब्द ठेवावा, की ‘चमक’ म्हणावे? तसेच ‘डिके टाइम’ला क्षयकाल आणि ‘रिझोल्यूशन’ला विभेदन म्हटलेले चालेल का?

उत्तर : आपल्या स्नेह्यांची शंका रास्त आहे, कारण नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ‘स्फुर’ दिसताच खताचे पोते डोळ्यांसमोर येते. शिवाय मराठीत बाहू स्फुरतात, कविता स्फुरते. संस्कृतात स्फुरणाला लकाकण्याचा अर्थ असला, तरी आपल्या बोलण्यात तो मागे पडला आहे. मूळ लॅटिन ‘सिंटिला’ म्हणजे ठिणगी. 1903 साली विल्यम क्रुक्स यांनी झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळताना भिंगातून जे पाहिले, ते असेच क्षणात उमटून मावळणारे प्रकाशबिंदू होते. ‘चमक’ या शब्दावर दागिन्याच्या चमकेसारखा स्थिर झळाळीचा आक्षेप घेता येईल. पण वीज चमकते आणि पाठीत चमक भरते, तेव्हा आपल्याला क्षणिकताच अभिप्रेत असते. म्हणून मी ‘चमक-स्फटिक’ सुचवेन.

‘क्षयकाल’ मात्र टाळावा. आपल्या लेखात किरणोत्सारी क्षयही येणारच, आणि लँथॅनम ब्रोमाइड या स्फटिकाबद्दल लिहिताना तर दोन्ही एकाच परिच्छेदात येतील, कारण त्यातील लँथॅनम-138 स्वतःच किरणोत्सारी असून 1436 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतो आणि तो मोजणीत मिसळतो. चमक मावळण्याच्या काळाला ‘ओसरकाळ’ म्हणावे.

या शब्दाचा आग्रह धरण्याचे कारण विषयातच आहे. विखंडनात गॅमा किरणांबरोबर न्यूट्रॉनही सुटतात आणि तेही स्फटिकात शिरून खोटे गॅमा निर्माण करतात. नमुन्यापासून 1 मीटर अंतरावर गॅमा सुमारे 3.3 नॅनोसेकंदांत पोहोचतो, तर 2 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनला सुमारे 51 नॅनोसेकंद लागतात. वेळेतला हा फरक पकडता आला तरच दोघांना वेगळे करता येते. त्यासाठी एकूण प्रकाश किती, यापेक्षा तो सुरुवातीला किती वेगाने बाहेर पडतो, हे पाहावे लागते. थॅलियममिश्रित सोडियम आयोडाइड दर दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमागे सुमारे 38,000 फोटॉन देतो आणि त्याचा ओसरकाळ सुमारे 230 नॅनोसेकंद आहे. सीरियममिश्रित लँथॅनम ब्रोमाइडचे हेच आकडे सुमारे 63,000 आणि 16 आहेत. भागाकार केल्यास आरंभीच्या प्रत्येक नॅनोसेकंदाला पहिल्यात साधारण 165 आणि दुसऱ्यात जवळजवळ 3,900 फोटॉन मिळतात. बिस्मथ जर्मेनेट अतिशय घन असल्याने गॅमा उत्तम अडवतो, पण त्याची चमक मंद आणि रेंगाळणारी असते. एवढे सगळे ‘क्षय’ या एका शब्दाखाली लोटले, तर वाचक गोंधळणारच.

‘विभेदन’, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जांचे किरण वेगळे ओळखण्याची क्षमता, हा शब्द ठीक आहे. अडचण त्याच्या विशेषणाची आहे. सोडियम आयोडाइडचे ऊर्जा-विभेदन सीझियम-137 च्या 662 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणाला सुमारे 7 टक्के आणि लँथॅनम ब्रोमाइडचे सुमारे 3 टक्के असते. हा आकडा ऊर्जेच्या आलेखात त्या किरणाचे जे शिखर उमटते त्याच्या रुंदीचा, म्हणजे एकात सुमारे 46 तर दुसऱ्यात 20 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, असल्यामुळे लहान आकडा चांगला. ‘विभेदन कमी आहे’ असे लिहिलेत तर वाचक नेमका उलटा अर्थ घेईल. ‘शिखर अधिक अरुंद आहे’ असे सरळ लिहावे.

दुसरे मत : ‘चमक’ मान्य आहे, परंतु ‘ओसरकाळ’ वाचून चमक पूर्णपणे ओसरायला लागणारा वेळ, असा समज होईल. प्रत्यक्षात प्रकाशाची तीव्रता सुमारे 37 टक्क्यांवर येईपर्यंतचा हा काळ आहे, आणि बेरियम फ्लोराइडसारख्या स्फटिकात तर असे दोन काळ आढळतात : एक नॅनोसेकंदाहून कमी, दुसरा 600 नॅनोसेकंदांच्या वर.

उत्तर : आक्षेप योग्य आहे. शब्द पहिल्यांदा येईल तिथे 37 टक्क्यांची व्याख्या द्यावी, आणि बेरियम फ्लोराइडसाठी ‘जलद ओसर’ व ‘संथ ओसर’ अशी जोडी वापरावी. ‘क्षया’पासून अशी सुटसुटीत जोडी साधत नाही.

मूळ प्रश्नकर्ता : आभारी आहे. एकच शंका राहिली. सोडियम आयोडाइड आणि लँथॅनम ब्रोमाइड हवेतील ओलावा शोषतात, म्हणून ते हवाबंद डब्यातच ठेवावे लागतात. त्यासाठी मी ‘आर्द्रताग्राही’ लिहिले आहे.

उत्तर : तक्त्यात ‘आर्द्रताग्राही’ राहू द्यावे. मजकुरात मात्र ‘या स्फटिकाला मिठासारखे पाणी सुटते’ असे लिहावे. सोडियम आयोडाइड हेही एक मीठच आहे.