सांतोस-ड्युमाँनं विमानाचा आराखडा फुकट वाटला, ते बरोबर केलं का?

परभणीची मास्तरीण

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात विमानाचा तक्ता दरवर्षी लागतो आणि त्यावर राइट बंधूंशिवाय दुसरं नाव नसतं. यंदा मी मुलांकडून आल्बेर्तो सांतोस-ड्युमाँचा तक्ता करून घेतला. तो बघायला आलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला विचारलं, "मॅडम, ह्या माणसानं सगळं फुकट वाटलं, मग त्याला काय मिळालं?" हा पोरगा आयटीआय करून गावातच राहतो. त्यानं असं सायकल कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायचं चाकावरचं अवजार, बनवलंय की दोन ओळींतलं अंतर बदललं तर पासेची (तण कापणाऱ्या पात्याची) रुंदी उभ्या उभ्या बदलता येते. गावातले त्याला सांगायलेत, कुणाला दाखवू नको, पेटंट घे. माझं म्हणणं उलट आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांतोस-ड्युमाँ १८७३ साली ब्राझीलमध्ये जन्मला. वडील मोठे कॉफी मळेवाले. मळ्यात माल वाहायला स्वतःची रेल्वे होती, पोरगा लहानपणीच तिची इंजिनं हाकायला शिकला. अपघातानंतर वडिलांना अर्धांगवायू झाला. तेव्हा त्यांनी त्याची वाटणी आधीच त्याच्या हातात दिली आणि पॅरिसला जाऊन यंत्रशास्त्र शीक म्हणून सांगितलं.

पॅरिसात त्यानं आधी फुगे उडवले, मग फुग्याला पेट्रोलचं इंजिन लावलं. त्या काळी एक लाख फ्रँकांचं बक्षीस जाहीर झालं होतं. शहराबाहेरून निघायचं, आयफेल टॉवरला वळसा घालायचा आणि अर्ध्या तासात परत यायचं. ऑगस्ट १९०१ मध्ये त्याचं पाच नंबरचं हवाई जहाज एका हॉटेलच्या छताला अडकून फाटलं. तो वाचला आणि लगेच सहा नंबर बांधायला लागला. १९ ऑक्टोबरला त्यानं फेरी पूर्ण केली. रेषा अर्ध्या तासाच्या आत ओलांडली, पण जहाजाचा दोर खालच्या माणसांनी धरायला थोडा उशीर झाला म्हणून परीक्षकांनी घोळ घातला. लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले, शेवटी बक्षीस मिळालं. ती रक्कम त्यानं पॅरिसच्या गरिबांत आणि आपल्या कामगारांत वाटली.

पुढे त्यानं 'दमोआझेल' नावाचं चिमुकलं विमान केलं. बांबूचा सांगाडा, वर रेशमी कापड, पंखांचा पसारा पाच मीटरच्या आसपास. त्याचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवं त्यानं बांधावं म्हणाला. १९१० मध्ये अमेरिकेतल्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकानं त्याचे आराखडे छापले. पुढे नामांकित वैमानिक झालेला रोलाँ गारोस ह्याच विमानावर उडायला शिकला.

माझं मत स्पष्ट आहे. विमान लवकर सुधारलं ते अशा माणसांमुळे. आमच्या पोरानंही आराखडा खुला करावा.

वाळूजचा टर्नर

मॅडम, तक्ता चांगला केलात, पण त्यावरून पोराला जो सल्ला द्यायलात तो मला मान्य नाही. कॉफीच्या मळ्याची वाटणी ज्याच्या खात्यात आहे, त्यानं फुकट वाटणं वेगळं. राइट बंधूंकडे काय होतं? डेटन गावातलं सायकलचं दुकान. १९०३ चं विमान त्यांनी हजार डॉलरच्या आत उभं केलं. त्याच वर्षी लँग्ली नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाला सैन्यानं पन्नास हजार डॉलर दिले होते आणि त्याचं विमान दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं.

राइट बंधूंनी १९०१ च्या हिवाळ्यात लाकडी पेटीचा वाऱ्याचा बोगदा केला आणि त्यात दोनशेच्या आसपास पंखांचे आकार तपासले. इंजिन बाजारात मिळेना, तर त्यांच्याच दुकानातल्या चार्ल्स टेलर ह्या मेकॅनिकनं ते घडवलं. टेलरचं नाव तक्त्यावर येतं का? लेथवर काम करणारा माणूस म्हणून मला ते नाव महत्त्वाचं वाटतं. एवढी मेहनत करून त्यांनी हक्क मागितला, तर त्यात चूक कुठं आहे?

माझ्या सख्ख्या चुलत भावानं ट्रॅक्टरच्या मागे लावायचं एक अवजार बनवलं होतं. पुढच्याच हंगामात तालुक्याच्या बाजारात तसंच्या तसं दुसऱ्याच्या दुकानात उभं. भावाला एक रुपया मिळाला नाही, वर लोक विचारायचे, तुम्ही त्यांचं बघून केलं का? फुकट वाटा म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या घरी येऊन बसावं.

लातूरचा भौतिकशास्त्रवाला

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, नाहीतर धागा 'पहिलं कोण' ह्यावर जाईल. सांतोस-ड्युमाँचं '१४-बिस' हे विमान २३ ऑक्टोबर १९०६ ला साठेक मीटर उडालं. १२ नोव्हेंबरला २२० मीटर, साडेएकवीस सेकंद. राइट बंधू ५ ऑक्टोबर १९०५ लाच गोल फेऱ्या मारत ३९ मिनिटं हवेत होते, अंतर ३८ किलोमीटरच्या वर. त्यामुळे पहिले राइटच. ब्राझीलचे लोक म्हणतात, राइट बंधू वजन पाडून ढकलणाऱ्या यंत्रणेवर उडायचे, चाकांवर पळून नाही. पण ती यंत्रणा १९०४ ला आली. १७ डिसेंबर १९०३ ची उड्डाणं समोरच्या जोरदार वाऱ्यात नुसत्या रुळावरून झाली. पहिलं १२ सेकंदांचं, चौथं ५९ सेकंदांचं.

आता मुद्द्याचं. राइट बंधूंना विमान वळवता येत होतं, तोल सावरता येत होता. पंख पिळायची त्यांची युक्ती हीच खरी चावी होती. १४-बिस जवळपास सरळ रेषेतच जायचं. तरी मी मॅडमच्या बाजूचा आहे, कारण ऑक्टोबर १९०५ नंतर राइट बंधूंनी मे १९०८ पर्यंत एकही उड्डाण केलं नाही. करार व्हायच्या आधी कुणी बघू नये म्हणून. जगातलं सर्वात चांगलं विमान अडीच वर्षांहून जास्त काळ झाकून ठेवलेलं! त्या काळात पॅरिसचे लोक मैदानात सगळ्यांसमोर पडत होते, उठत होते, एकमेकांचं बघून शिकत होते.

वाळूजचा टर्नर

सर, आणि १९०८ च्या ऑगस्टमध्ये विल्बर राइटनं फ्रान्समध्ये ल मां गावाजवळ उड्डाण केलं, तेव्हा त्याच फ्रेंचांनी मान्य केलं की हा माणूस आपल्या फार पुढे आहे. उघड्यावर शिकणाऱ्यांना तीन वर्षांत जे जमलं नाही, ते झाकून शिकणाऱ्यांना आधीच जमलेलं होतं.

कळंबकर

आपल्या शिवकर बापूजी तळपदे यांचा उल्लेख एकानंही केला नाही. १८९५ ला चौपाटीवर उड्डाण झालं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मराठी शाळेतला तक्ता आणि मराठी माणूसच गायब?

परभणीची मास्तरीण

भाऊ, तुमची भावना मला समजते, आणि तळपद्यांची जिद्द मी वर्गात सांगतेच. पण त्या उड्डाणाचा त्या वेळचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला लोक देतात, त्यातली विमानं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासली आणि ती उडू शकणार नाहीत असं दाखवून दिलं. तळपद्यांचे मापांसकट आराखडे छापलेले असते, तर आज आपण ते बांधून बघितलं असतं, खरं-खोटं ठरलं असतं. दमोआझेलच्या प्रती आजही बांधता येतात.

टर्नरदादा, तुमच्या भावावर अन्याय झाला हे मला पूर्ण मान्य. पण राइट बंधूंना स्वतःला फुकट काय मिळालं ते बघा. मे १८९९ मध्ये विल्बरनं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरचं वाचायला मागितलं. संस्थेनं पुस्तिका पाठवल्या. जर्मनीच्या ओटो लिलिएनथालनं पंख किती उचल देतात त्याची कोष्टकं छापली होती, त्यांनी ती वापरली. ऑक्टेव्ह शनूट हे वयानं मोठे अभियंते वर्षानुवर्षं पत्रांतून त्यांना सल्ला देत राहिले, कधी पैसे मागितले नाहीत. आणि पेटंटचे दावे सुरू झाल्यावर त्याच शनूट यांच्याशी राइट बंधूंचं बिनसलं. सगळ्यांच्या विहिरीचं पाणी शेंदून स्वतःच्या हौदाला कुलूप लावण्यासारखं झालं हे.

ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन्स हारग्रेव्हचं नावही आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. पेटीच्या आकाराचा पतंग त्यानं १८९३ ला केला आणि पेटंट न घेता सगळं छापून टाकलं. सांतोस-ड्युमाँचं १४-बिस त्याच पेट्यांवर उभं होतं.

वाळूजचा टर्नर

लिलिएनथालची कोष्टकं वापरून राइट बंधूंचं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) हवं तेवढं उचलेना, म्हणून तर त्यांना बोगदा करावा लागला. फुकट मिळालेलं तपासायलाही कुणाचा तरी घाम लागतो.

आणि लिलिएनथालचं पूर्ण सांगा, मॅडम. त्याचा बर्लिनला बॉयलरचा कारखाना होता. नळ्यांच्या सुरक्षित बॉयलरचं पेटंट त्याच्या नावावर होतं, त्या कमाईतून त्याचं उडणं चाललं. ग्लायडरचंही पेटंट त्यानं घेतलं होतं, ग्लायडर विकतही होता. पेटंट नसतं तर कोष्टकं छापायला लिलिएनथाल उरला असता का? वडिलांचा मळा नाही, तिथं पेटंट हाच मळा.

नांदेडची वकील

थोडं कायद्याचं, कारण दोघंही पेटंट म्हणजे लपवणं असं धरून चाललेत. पेटंट मागताना यंत्र कसं चालतं ते आकृत्यांसह लिहून द्यावंच लागतं. आपल्याकडे साधारण अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, कुणीही वाचू शकतं. हक्क वीस वर्षांचा, नंतर सगळ्यांचं. राइट बंधूंचं पेटंटही मे १९०६ मध्ये मंजूर झालं, तेव्हापासून पंख पिळायची युक्ती जगाला वाचायला मोकळी होती.

त्या मुलासाठी महत्त्वाचं: यूट्यूबवर व्हिडिओ टाकला की नवेपणा गेला, मग पेटंट मिळणं फार अवघड. उलट बाजूनं, एकदा सगळं उघड छापलं की दुसरा कुणी त्याच गोष्टीवर पेटंट घेऊन ह्याला अडवू शकत नाही. फुकट वाटणाऱ्यालाही हे संरक्षण मिळतं. ठरलं नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करावा. व्यक्तीच्या नावावर ऑनलाइन फी सोळाशे रुपये आहे आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. आकृत्या आणि मजकूर वकिलाकडून करून घेतला तर खर्च बराच वाढतो, हेही सांगते.

लातूरचा भौतिकशास्त्रवाला

ताई, पेटंट वाचायला मोकळं होतं, वापरायला नव्हतं. राइट बंधूंनी दावा सांगितला तो फक्त पंख पिळण्यावर नाही, बाजूचा तोल सावरायच्या जवळपास प्रत्येक पद्धतीवर. ग्लेन कर्टिस ह्या दुसऱ्या विमान बनवणाऱ्यानं पंख न पिळता तोल सावरायला वेगळ्या फळ्या लावल्या, तरी त्याला कोर्टात ओढलं. विल्बरची शेवटची वर्षं अशा दाव्यांतच गेली, १९१२ ला तो विषमज्वरानं वारला. १९१७ ला अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सगळ्या कंपन्यांची पेटंटं एका संघात आणावी लागली, आणि अमेरिकी वैमानिक लढले ते बहुतेक फ्रेंच विमानांवर. विमानाचा शोध ज्या देशात लागला त्या देशावर ही वेळ आली.

वाळूजचा टर्नर

अमेरिकी सैन्यानं युद्धाआधी विमानं मागवलीच किती, तेही बघा सर. गिऱ्हाईकच नसलं तर कारखाना कशावर चालणार? सगळा दोष पेटंटावर टाकणं मला योग्य वाटत नाही.

आणि मॅडम, पोराच्या प्रश्नाचं उत्तर अजून तुम्ही दिलं नाही. सांतोस-ड्युमाँला काय मिळालं?

परभणीची मास्तरीण

देते. पैसा मिळाला नाही. कंपनी उभी राहिली नाही. १९१० मध्ये मज्जासंस्थेचा आजार जडला आणि उडणं थांबलं, तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता. पुढे विमानांतून बॉम्ब पडायला लागले, त्याचा त्याला फार त्रास झाला. युद्धात विमान वापरू नका म्हणून त्यानं राष्ट्रसंघाकडे मागणीही केली. जुलै १९३२ मध्ये ब्राझीलमध्ये यादवी चालू असताना त्यानं आत्महत्या केली. हे मी मुलांना सांगितलं नाही, पण त्या पोराला सांगितलं, कारण तो मोठा आहे आणि त्यानं सरळ प्रश्न विचारला होता.

मिळालं ते हे की रिओच्या विमानतळाला त्याचं नाव आहे, आणि कितीतरी अनोळखी लोकांनी त्याच्या आकृत्या हातात घेऊन स्वतःचं विमान बांधायचं धाडस केलं. मला हे कमी वाटत नाही. पोटाचा प्रश्न वेगळा आहे, तो मी नाकारत नाही. पण कोळप्याचं गिऱ्हाईक म्हणजे सोयाबीनचे भाव पडल्यावर कर्जात बसलेला शेतकरी. वीस वर्षं त्यानं थांबायचं?

उमरग्याचं वेल्डिंग

मी ह्या धंद्यात आहे म्हणून खरं लिहितो. आराखडा द्या नाहीतर नका देऊ, चांगलं कोळपं दिसलं की आम्ही त्याच्यावरून बनवणारच. शेतकरी स्वतःच घेऊन येतो, म्हणतो असंच करून दे. अडचण अशी की बघून केलेल्यात पोलाद चुकतं. भंगारातली पट्टी पासेला लावली की आपल्या काळ्या रानात पहिल्या वापशातच वाकते, आणि शेतकरी म्हणतो कोळपंच वाईट. नाव बनवणाऱ्या पोराचं जातं. मापं आणि पोलाद लिहून मिळालं तर मी तसंच करीन, आणि प्रत्येक नगामागं त्याला काही देणं ठरवलं तर तेही देईन. आजपर्यंत मला असं कुणी विचारलंच नाही.

वाळूजचा टर्नर

दादा, तुमच्यासारखा एक भेटला म्हणून सगळे तसे नसतात. देईन म्हणणाऱ्याशी कागद करायलाही आधी हक्क हातात लागतो. वकीलताईंनी सांगितलेला तात्पुरता अर्ज ह्या महिन्यात जाऊ द्या, तोवर मॅडम, कोळप्याचा फोटोसुद्धा इथे टाकू नका. मापं मी बसून काढून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.

परभणीची मास्तरीण

मापं काढायला या, रविवारी तो गावातच असतो. अर्जाचंही त्याला सांगते. पण बारा महिन्यांनी पुढं काय करायचं ते तोच ठरवील, आणि तेव्हाही मी त्याला आराखडा खुला कर असंच म्हणणार आहे.