साताऱ्याची उपासना आणि पडद्यापलीकडची मंडळी

विषय: रविवारची उपासना इंटरनेटवर चालू ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

साताऱ्यातील आमच्या चर्चने २०२० च्या टाळेबंदीत रविवारची उपासना यूट्यूबवर दाखवण्यास सुरुवात केली. तेव्हापासून मी लंडनमध्ये पहाटे साडेचारला उठून ती पाहत आलो आहे (हिवाळ्यात साडेतीनला उठावे लागते, तेव्हा भक्ती थोडी कमी पडते). आता बाके रिकामी राहतात म्हणून हे प्रक्षेपण बंद करावे, असे कमिटीत बोलले जात आहे. मंडळाने नवा कॅमेरा देऊन ते चालू ठेवण्यास साहाय्य करावे, ही विनंती.

आपला,
एक सभासद

उत्तर:

स. न. वि. वि.

कमिटीची काळजी मी समजू शकतो, पण रोग बाकांत नाही. ब्रिटनमध्ये मेथडिस्ट चर्चच्या पाठबळावर २००४ मध्ये ‘चर्च ऑफ फूल्स’ हे आभासी चर्च उघडले, तेव्हा लोक घरबसल्या पडद्यावरील आपल्या बाहुल्यांना गुडघे टेकायला लावत आणि प्रार्थना टाइप करत. परंतु दार सर्वांनाच मोकळे असल्यामुळे टवाळखोरही शिरले, व्यासपीठावर चढून शिव्या देऊ लागले, आणि त्यांना आवरण्यासाठी माणसे लागली. आपल्याकडे नेमके माणूसच नाही. ‘आईसाठी प्रार्थना करावी’ असे कोणी व्हिडिओखाली लिहिले, तर ते आठवडाभर तसेच पडून राहते.

बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखे चर्चचे संस्कार इंटरनेटवर होत नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केले होते. आपण कॅथलिक नसलो तरी प्रभुभोजनापुरते मला ते पटते. भाकर आणि प्याला हातातच यावा लागतो, म्हणून त्या वेळी कॅमेरा बंद ठेवावा.

मात्र चर्चच्या चार भिंतींत येतात तेवढीच खरी मंडळी, असे साताऱ्याने तरी म्हणू नये. ख्रिस्ती कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनपासून दूर होऊन ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तो साताऱ्यातच, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. चर्चची पायरी चढायला संकोचणाऱ्यासाठी यूट्यूब ही आज तशीच ओसरी आहे.

तेव्हा प्रक्षेपणाला नव्हे, नव्या कॅमेऱ्याला माझा विरोध आहे; जुना पुरेसा आहे. त्याऐवजी पाळकसाहेबांसाठी चांगला माईक घ्यावा, कारण सध्या भजनातील तबला लख्ख ऐकू येतो आणि उपदेश मात्र पुटपुटल्यासारखा वाटतो. व्हिडिओखालच्या निरोपांना उत्तरे देण्याचे काम साडेचारला जागे असणाऱ्या आपणच पत्करावे.

आपला,
मंडळाचा जुना सभासद