मदत हवी आहे : अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यावर पांढरा पुंजका
नमस्कार मंडळी, आम्ही आर्वीजवळच्या खेड्यात राहतो. मुलीच्या अ‍ॅक्सोलॉटलने (पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा बेडकांच्या वर्गातला प्राणी) परवापासून गांडुळाला तोंड लावलेलं नाही. कल्ले पुढे वळलेत, शेपटीचं टोक मुडपलंय आणि एका कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका आलाय. बुरशीच वाटते. हा जीव मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचा, त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. आमची टाकी आत्ताच २६ वर गेली आहे, आणि लाईट गेली की पंखाही बंद. बर्फाच्या बाटल्या सोडतो, पण तापमान सारखं वरखाली होतं, तेही त्याला वाईटच. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया (विष्ठेमुळे पाण्यात साठणारं विष) शून्य आहे. त्याला थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवावं, की आधी नुसतं थंड करावं? नागपूर-अमरावतीकडे असे प्राणी तपासणारे पशुवैद्य कुणाला माहीत आहेत का? कृपया लवकर सांगा.