कारली, पडवळ, भेंडी: सगळंच बी भिजवायचं का?

गुहागरची नवी माळीण: यंदा परसात कारली, पडवळ, भेंडी, चवळी आणि लाल माठ लावायचाय. सासूबाई म्हणतात, सगळं रात्रभर पाण्यात टाक. शेजारच्या काकी म्हणतात, काही नको, मृग लागला की नुसतं टोचून दे. ऐकायचं कुणाचं? शिवाय पाकिटातलं कारल्याचं बी चक्क गुलाबी निघालं. ते तसंच असतं का?

आगरातला: भिजवा. आणि जे तरंगेल ते सरळ फेकून द्या, पोचट असतं.

पडवीतली रोपं: थांबा, फेकू नका! तरंगणारं काढायची रीत भाताची. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून भात बुडवायचं, वर येईल ते काढायचं, खालचं गोड्या पाण्याने धुवायचं. कारल्याच्या टरफलात हवा असते, त्यामुळे चांगलं बीसुद्धा वर येतं. मी आठवडी बाजारात वेलांची रोपं विकते. तरंगलेलं टाकत बसले असते तर टोपली रिकामीच राहिली असती.

गुलाबी रंग बियाचा नाही, औषधाचा. बहुतेक थायरम, म्हणजे बुरशी मारणारं औषध असतं. असं बी रात्रभर पाण्यात ठेवलं तर औषध पाण्यात उतरतं, मग उपयोग काय त्याचा? ते नुसत्या ओल्या फडक्यात बांधा. हात साबणाने धुवा आणि फडकं पिळलेलं पाणी कोंबड्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका.

घरचं, बिनऔषधाचं कारलं-पडवळ असेल तर मात्र रात्रभर कोमट पाण्यात. टरफल कवचासारखं टणक असतं, आत पाणी शिरायला वेळ लागतो. मी तर आधी बी बोटांत उभं धरून कडेची शिवण नेलकटरने हलकी दाबते. ‘कट्’ वाजलं की थांबायचं, आतला गर कापला जाता कामा नये. सकाळी पाणी ओतून द्यायचं. दोन-दोन दिवस वाटीत बुडवून ठेवलं की बियाला हवा मिळत नाही, आंबूस वास येतो, संपलं. जुन्या सुती धोतराचं फडकं घट्ट पिळून त्यात पुरचुंडी बांधायची आणि चुलीजवळ, पण हाताला नुसतं ऊबदार लागेल इतक्या अंतरावर ठेवायची. रोज उघडून बघायची. निमुळत्या टोकातून तांदळाच्या कणीएवढा पांढरा मोड दिसला की लगेच मातीत. मूळ फडक्यात शिरलं की सोडवताना तुटतंच.

भेंडी रात्रभर भिजवली तर चालते. चवळी मुळीच नको. साल पातळ, भराभर पाणी पिते, दोन दाळी सुटतात आणि जमिनीत कुजते. माठाचं बी तर इतकं बारीक की ओलं झालं की बोटांनाच चिकटतं. ते कोरड्या वाळूत कालवून फेकायचं.

गुहागरची नवी माळीण: मोड आलेलं थेट वाफ्यात लावू का?

पडवीतली रोपं: पहिल्या झोडीच्या पावसात नको. माती दबून वर खपली धरते, कोवळा कोंब आतच अडकतो. करवंटीला खाली भोक पाडून त्यात माती आणि कुजलेलं शेण भरा, बी आडवं ठेवून बोटाच्या पेराएवढी माती वर घाला, पडवीत ठेवा. दोन-चार पानं आली की मांडवाखाली. उंदीर मोडाच्या वासावर येतात, रात्री वर टोपली पालथी घाला.

आगरातला: बरं, तरंगणाऱ्यांना माफ केलं. बियाणं कुठलं घ्यावं तेही सांगा ना.

पडवीतली रोपं: दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत: कारल्याची ‘कोकण तारा’, पडवळाची ‘कोकण श्वेता’. मिळाल्या तर घ्या.

गुहागरची नवी माळीण: आणि भातानंतर कडवे वाल टाकायचेत, तेही भिजवू?

पडवीतली रोपं: भिजवा की, बिरड्यासाठी! पेरायचे ते कोरडेच, कापणी झाली की शेतातली ओल असेतोवर.