अनुभव धागा: शिकताना नेमकं कुठे अडतं आणि काय केल्यावर सुटतं?

पुणे आणि आसपासच्या शाळा, वस्त्या, साइटवरचे वर्ग, विशेष शाळा अशा ठिकाणी शिकवणाऱ्या सगळ्यांना या धाग्यावर आमंत्रण. 'मूल मागे आहे', 'लक्ष देत नाही', 'घरी वातावरण नाही' ही वाक्यं आपण रोज ऐकतो. त्यांतून पुढे काय करायचं ते मात्र कळत नाही. म्हणून विनंती अशी: स्वतःची कहाणी बाजूला ठेवा. अडथळा कोणता, तो ओळखायचा कसा, उपाय कोणत्या क्रमाने करायचा आणि तो कुठे फसतो, एवढं लिहा. वाचणाऱ्याला उद्याच्या तासाला वापरता आलं पाहिजे.

प्रौढ साक्षरता वर्ग, दांडेकर पूल परिसर

आधी डोळे बघा, अक्षरं नंतर. वर्गात येणाऱ्या बायका बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या असतात. लांबचं स्वच्छ दिसतं म्हणून डोळे चांगले आहेत असं त्या धरून चालतात. बारीक अक्षर बघायची वेळच आलेली नसते. सुईत दोरा ओवता येतो का, एवढं विचारा. नाही म्हणाल्या तर पाटी हाती देण्याआधी तपासणी. साधारण पंचेचाळिशीत +१ ते +१.५ आणि पंचावन्नच्या पुढे +२ ते +२.५ नंबर लागतो, पण अंदाजाने चष्मा वाटू नका, कारण तपासणीत मोतीबिंदूही सापडतो. चष्म्याविना दोन महिने वर्ग चालला की 'मला येणारच नाही' हे मत पक्कं होतं, आणि ते काढणं अक्षरं शिकवण्यापेक्षा अवघड असतं.

मग क्रम. अ-आ-इ पासून सुरुवात केली तर उपयोगाचा पहिला शब्द फार उशिरा येतो. पीएमपी बसच्या पाट्या घ्या. हडपसर: पाच अक्षरं, काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. त्याच पाच अक्षरांत सर, हस, रड, पड, पसर हे शब्द मिळतात. पुढे मनपा आणि वाकड (काना), मग खराडी, निगडी (दोन्ही वेलांट्या), मग बाणेर, कोथरूड. कात्रज आणि स्वारगेट शेवटी, जोडाक्षरामुळे. वहीत वाचलेला शब्द बसवर वाचता येत नाही ही ठरलेली अडचण आहे, कारण पाटी हलत असते. शब्दपट्टी आधी पाच सेकंद दाखवून झाका, मग दोन, मग एक. हा सराव वगळला तर बाई वर्गात वाचतात आणि स्टॉपवर दुसऱ्यांनाच विचारतात.

वेळ दुपारी २ ते ४. धुण्याभांड्याच्या सकाळ-संध्याकाळच्या कामांमधली तेवढीच फट असते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी याच शहरात १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण त्यांना दिवसा सवड नव्हती. आज सवड दुपारी असेल तर वर्ग दुपारीच हवा.

विशेष शिक्षिका, कोथरूड

वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण 'डिस्लेक्सिया' हा शब्द आता फार लवकर वापरला जातो. आधी तीन गोष्टी वगळा: नजर, ऐकणं, आणि मुळात नीट शिकवलं गेलंय का. वारंवार शाळा बदललेल्या मुलाच्या चुकाही तशाच दिसतात. सहा-आठ आठवडे रोज पद्धतशीर शिकवल्यावर भराभर पुढे गेलं, तर प्रश्न शिकवण्याच्या खंडाचा होता.

निदानासाठी चाळीस शब्दांचं श्रुतलेखन घ्या आणि गुण देऊ नका. चुकांचे ढीग करा. घ-ध, भ-म, थ-य हा दिसण्यातल्या सारखेपणाचा ढीग. अनुस्वार किंवा जोडाक्षरातला अर्धा वर्ण गळणं हा आवाज सुटा न करता येण्याचा ढीग. तिसरा ढीग क्रमाचा, आणि तो आपल्या लिपीचा खास आहे: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात पण नंतर उच्चारतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण त्याच्या आधी उच्चारतात. म्हणून 'सूर्य'चं 'सूयर' होतं. नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून काहीही ठरवू नका, त्या सगळ्यांच्याच होतात.

उपाय ढिगाप्रमाणे. घ आणि ध एकाच आठवड्यात शिकवायचे नाहीत. घ पूर्ण बसू द्या, दहाएक दिवस जाऊ द्या, मग ध. शेजारी ठेवून 'फरक बघ' म्हटलं की दोन्ही डळमळतात. वेलांटीसाठी पुठ्ठ्याची सुटी अक्षरं: मूल आधी 'क'ला बोट लावून आवाज काढतं, मग बोट मागे आणून वेलांटीला लावतं. रफारासाठी सू, र्, य असे तीन तुकडे ओळीत मांडून वाचून घ्यायचे, त्यानंतरच र् उचलून य वर ठेवायचा. रोज वीस मिनिटं. रविवारी एकदम दीड तास घेतला तर सोमवारपर्यंत निम्मं जातं. आणि 'चुकलेला शब्द दहा वेळा लिही' हे कृपा करून थांबवा. तिसऱ्या वेळेपासून मूल आवाज न काढता आकार उतरवतं, बहुतेकदा चुकीचाच.

प्रमाणपत्राचं: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. तपासणी वयाच्या आठव्या वर्षानंतर किंवा तिसरीत, पुन्हा १४ आणि १८ व्या वर्षी. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत परीक्षेला तासाला किमान २० मिनिटं वाढीव आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण तो तास वापरायची सवय लागते. आठवीपासून घटक चाचण्यांतही तो द्या, नाहीतर दहावीला मूल बाकीच्यांबरोबर पेपर देऊन उठतं. लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) घेणार असाल तर तोंडी उत्तर सांगण्याचा सरावही आधी हवा: वाक्य पूर्ण सांगणं, 'नवा परिच्छेद' म्हणणं, आकृतीला नावं कुठे द्यायची ते सांगणं.

गणित, पहिली ते तिसरी, सिंहगड रस्ता

क्रमाच्या ढिगाचंच गणितातलं भावंड. 'चोवीस' ऐकताना चार आधी येतात, वीस नंतर, म्हणून मूल ४२ लिहितं. 'एकोणपन्नास'मध्ये पन्नास ऐकू येतात म्हणून ५९. हे गणित न येणं नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २१ला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या समितीने ती आणली ती याच अडचणीसाठी, आणि माझ्या मते ती योग्य होती.

वर्गात असं करा: दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या. संख्या ऐकली की आधी जुड्या उचलायच्या, दशकाचा अंक लिहायचा, मग सुट्या. 'एकोण'साठी पाच जुड्या मांडून एक काडी काढून घ्या. त्यासाठी एक जुडी सोडावीच लागते आणि चार जुड्या नऊ सुट्या समोर दिसतात. ८९ पर्यंत 'एकोण' चालतं, ९९ला मात्र नव्व्याण्णव, ते वेगळं सांगावं लागतं.

बांधकाम साइटवरचा वर्ग, वाघोली

इथे सगळ्यात मोठा शत्रू खंड. स्लॅब भरून झाला की कुटुंब दुसऱ्या साइटवर, कधी आठवड्याच्या सूचनेवर. म्हणून पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने जाऊ नये. प्रत्येक आठवडा स्वतःत पूर्ण हवा: एक गोष्ट, दहा-बारा शब्द, गणिताची एक क्रिया. मूल शुक्रवारी गेलं तरी काहीतरी पूर्ण घेऊन जातं.

सोबत एक पानाचं कार्ड: वाचनाची पायरी (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट), संख्या कुठवर, घरची भाषा, शेवटचा पाठ. लॅमिनेट करून आईकडे द्या. फक्त वडिलांच्या मोबाइलवर फोटो ठेवला तर नंबर बदलतो, फोन विकला जातो. गावाकडच्या शाळेतून येताना किंवा तिकडे परतताना शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण पुढच्या शाळेत चालू राहावं म्हणून मिळणारं पत्रक) मागून घ्या.

प्रवेशासाठी पालकांना तीन गोष्टी पाठ करून द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि वर्ष सुरू झालं असलं तरी प्रवेश मिळतो. वयानुरूप वर्गात बसवल्यावर विशेष प्रशिक्षण हाही हक्कच आहे. ते दिलं नाही तर दहा वर्षांचं मूल पाचवीत बसून अक्षरं शोधत राहतं आणि दिवाळीनंतर दिसेनासं होतं. पट बघताना नेमकं हेच तपासा.

भाषेचं: कर्नाटकातल्या कलबुर्गी, विजयपुराकडची मुलं कन्नड वाचत असतील तर ती शून्यावर नाहीत. वर्णमालेचा क्रम तोच, स्वरचिन्हांची कल्पना तीच. दोन्ही तक्ते शेजारी लावा, क खाली क. मोजणी त्यांच्या भाषेत होऊ द्या, उत्तर मराठीत सांगू द्या.

आणि धाकटी भावंडं. त्यांच्यासाठी चटई नसेल तर मोठी बहीण येत नाही. तिची गैरहजेरी बहुतेकदा एवढ्यावरच असते.

दोन शिक्षकी शाळा, राजगड तालुका

वाघोलीच्या ताईंचं 'आठवडा स्वतःत पूर्ण' हे डोंगरातही लागू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याला पाणी आलं की वाडीवरची मुलं सलग दिवस येत नाहीत. पावसाळ्याआधीच प्रत्येकाच्या घरी सरावाच्या पंधरा पट्ट्यांचा संच प्लास्टिकच्या पिशवीत द्या. उत्तर पट्टीच्या मागे.

बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवताना, 'तुम्ही तोवर लिहा' इथे वेळ मरतो. शिक्षकाशिवायच्या कामाला शेवट ठरलेला हवा: किती, कुठे ठेवायचं, कुणी तपासायचं. तासाची वाटणी अशी जमते: पहिली पंधरा मिनिटं तिसरी-चौथीला काम लावून पहिली-दुसरीसोबत, मग अदलाबदल, शेवटची दहा सगळे एकत्र. पहिलीला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त एकटं सोडू नका. गटप्रमुख दर सोमवारी बदला. कायम एकच हुशार मूल राहिलं तर त्याचं स्वतःचं शिकणं थांबतं.

दहावी फेरपरीक्षेचं गणित, येरवडा

निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यात साधारण महिना-दीड महिना. त्यातला पहिला आठवडा दहावीचं पुस्तक उघडू नका. चार उदाहरणं द्या: −३ − ५, २/३ + १/४, एक साधं समीकरण, एक शेकडेवारी. नापास झालेल्यांपैकी पुष्कळ जण पहिल्याचं उत्तर +८ देतात, 'ऋण ऋण धन' हा गुणाकाराचा नियम वजाबाकीला लावून. दुसऱ्याचं ३/७. हे सहावी-सातवीचं राहिलेलं असतं. ते न भरता वर्गसमीकरणं घोकली की सूत्र बरोबर आणि उत्तर चूक, पुन्हा तेच.

संख्यारेषा आणि चपातीचे भाग नकोत, मोठी मुलं त्याला लहानपणाचं समजतात. पैसे वापरा: ३ रुपये उधारी, आणखी ५ची उधारी, एकूण किती देणं? चिन्ह लगेच बसतं. मग बीजगणितात संभाव्यता आणि सांख्यिकी, भूमितीत भौमितिक रचना. हे मागच्या धड्यांवर कमी अवलंबून आहेत. त्यानंतर अंकगणिती श्रेढी, पण साधारण फरक ऋण असलेली उदाहरणं मुद्दाम घ्या, पेपरात तिथेच गळती होते. पुरावे आणि प्रमेयं सगळ्यात शेवटी.

पालकांना हे लेखी द्या: एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. वर्ष गेलं असं समजून पोराला लगेच कामाला लावतात, ते यामुळे बरंच थांबतं.

ब्रेल, कोरेगाव पार्क

कोथरूडच्या ताईंच्या वेलांटीच्या मुद्द्याला जोडून: भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) ही अडचण नाही. मात्रा उच्चाराच्याच क्रमाने येते; 'कि' म्हणजे क (१-३) आणि मग इ (२-४). कंसातले आकडे म्हणजे टिंबांचे क्रमांक: डाव्या रकान्यात वरून खाली १-२-३, उजव्यात ४-५-६. अडचण दुसरीकडे आहे. पाटीवर टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहायचं, कागद उलटून डावीकडून वाचायचं. त्यामुळे इ (२-४) आणि ए (१-५), ज (२-४-५) आणि ह (१-२-५) या आरशातल्या जोड्या अदलाबदल होतात. वाचन पक्कं झाल्यावरच पाटी द्या, आणि मुलाला टिंबांची जागा 'डावं-उजवं' अशी न सांगता 'पहिला रकाना, दुसरा रकाना' अशी सांगा. लिहिताना उजवा रकाना पहिला, वाचताना डावा, गोंधळ तिथेच मिटतो.

गणिताला टेलर फ्रेम, म्हणजे खिळे बसवून आकडे मांडायची भोकांची पाटी. अष्टकोनी भोकात खिळा आठ दिशांनी बसतो. एका टोकाने १ ते ८, दुसऱ्या टोकाने ९, ० आणि चिन्हं. खिळे डब्यात दोन कप्प्यांत ठेवा, वापरलेले आणि न वापरलेले, नाहीतर निम्मा तास चाचपण्यात जातो.

कर्णबधिर मुलांसोबत, सामान्य शाळा, हडपसर

श्रवणयंत्र लावलंय म्हणजे ऐकू येतंय असं नाही. रोज सकाळी दोन मिनिटं सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाच्या पाठीमागून, एक मीटरवरून, नेहमीच्या आवाजात. ऐकलं की मणी डब्यात. स आणि श अचानक गळले तर आधी बॅटरी, मग नळी, मग कानातला साचा बघा. झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून बसवली तर जास्त टिकते.

जागा पहिल्या-दुसऱ्या बाकावर, पंख्याच्या आवाजापासून लांब. खिडकी शिक्षकाच्या पाठीशी नको, चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलणं सगळ्यात महागात पडतं: लिहा, वळा, मग बोला. पत्र्याच्या छतावर पाऊस सुरू झाला तर त्या वेळेपुरता तोंडी पाठ थांबवून लेखी काम द्या. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला पालकांना सांगा, बॅटरी काढून. यंत्र शिट्टी मारायला लागलं की घरी आवाज कमी करून ठेवतात; मुळात कान वाढलेला असतो आणि साचा सैल झालेला असतो. आवाज कमी करू नका, नवा साचा करून घ्या.